पाते पिवळे, कमान निळी

माझ्या खिशात चाकू असतो, हे कळले की लोक दचकतात. सत्तरी ओलांडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा पेन्शनर, आणि खिशात चाकू! दोष लोकांचा नाही. हिंदी सिनेमाने खटक्याचा 'रामपुरी' इतक्या वेळा उघडून दाखवला आहे की, घडीचा चाकू म्हटला की सभ्य माणसाला खलनायकच आठवावा. वास्तविक माझ्या चाकूने आजवर सुतळ्या, पेरू आणि पेन्सिली यांखेरीज कोणाचाही घात केलेला नाही.

परवा नातवाने तो हातात घेतला, आपल्या नव्या, चकचकीत विलायती चाकूशेजारी ठेवला आणि विचारले, "आजोबा, यातला दणकट कोणता?"

प्रश्न साधा, पण उत्तरासाठी मला नागपूरच्या घरातून थेट काटोलला, आणि तेही साठ वर्षे मागे जावे लागले.

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग होती. रोपांवर डोळे भरण्याचे काम बाबा स्वतः करीत. जंभेरीच्या रोपाला जमिनीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, संत्र्याच्या काडीवरचा डोळा ढालीच्या आकारात अलगद काढायचा, सालीखाली सरकवायचा आणि बांधून टाकायचा. पाते बोथट असले की साल चेचते आणि डोळा सुकतो. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळवून मिरवणारे आपले नागपुरी संत्रे असे एका पात्याच्या धारेवर उभे असते! म्हणून बाबांच्या त्या चाकूला घरात कोणी हात लावीत नसे.

1963 चा हिवाळा. मी दहा वर्षांचा. खळ्यात बाहेरगावी जायच्या पेट्या खिळे ठोकून तयार होत्या. झाडांवर शेकडो संत्री लोंबत होती. पण खिळे ठोकलेल्या पेटीतल्या संत्र्याची गोडी काही निराळीच! मी बाबांचा चाकू आणला, पाते फळीखाली घातले आणि जोर केला. 'टक्' असा आवाज झाला. अर्धे पाते माझ्या हातात, अर्धे पेटीत.

दोन्ही तुकडे मी पोत्याखाली दडवले. संध्याकाळी ते सापडले, आणि संशय गेला आमच्या गड्यावर. बाबांनी त्याला चार शब्द सुनावले, त्या दिवसाची त्याची हजेरी मांडली नाही. तो "मी नाई मालक" एवढेच म्हणाला आणि घरी गेला. मी दारामागे उभा होतो. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन लोहाराकडे गेले. लोहाराने तुटकी कड उजेडात धरली. "मालक, हा कापता कापता नाई तुटला. कोनं तरी याची सब्बल केली."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी भात्याकडे पाहिले.

लोहार बरोबर बोलत होता. घडीच्या चाकूचे सारे संकट खिळ्यापाशी असते. पाते तीन इंच लांब. पाठीची कमान त्याला अडवते ती खिळ्यापासून जेमतेम पाव इंचावर. टोकाशी एक किलोचा जोर लावा, तिथे बारा किलोचा पडतो. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला 1955 साली मुठीवर फिरते कडे बसवले, तेव्हा त्याचे पाते भलत्या वेळी बोटांवर मिटेनासे झाले. पण कडे लावा की खटका, तिरका जोर दिला की पाते ते पातेच. ते कापायला केलेले असते, उचकटायला नव्हे.

लोहाराने एक झिजलेली कानस घेतली. कानशीत कार्बन भरपूर, म्हणून ती इतर लोखंडाला खाते. पण फरशीवर पडली तर काचेसारखी मोडते. त्याने ती तापवून राखेत सावकाश निववली, मऊ केली, ठोकून पाते घडवले. मग लालबुंद करून जवसाच्या तेलात बुडवले. मला वाटले, झाले!

"आता तं हे पापडावानी हाय," लोहार म्हणाला.

त्याने पाते घासून उजळ केले आणि तापल्या ठोकळ्यावर धरले. हळूहळू त्यावर तणसीसारखा पिवळा रंग चढला. तत्क्षणी त्याने ते उचलून पाण्यात टाकले. हा पिवळा येतो साधारण 230 अंश सेल्सिअसला. 300 च्या सुमारास पोलाद निळे होते आणि धार टिकत नाही. मात्र कमानीला तो निळाच हवा. तिला दर वेळी वाकून पुन्हा जागेवर यायचे असते. आणि दोघांना जोडणारा खिळा मऊ, नाहीतर ठोकून त्याचे डोके पसरायचे कसे? एकाच चाकूत तीन स्वभाव!

परतताना वाटेत मला राहवले नाही. "बाबा, चाकू मी तोडला."

मला वाटले, आता पाठ सोलून निघणार. बाबा थांबले. "मला काय सांगतोस? त्याला सांग."

आम्ही गड्याच्या घरी गेलो. मी कसेबसे सांगितले. तो जमिनीकडे पाहत उभा राहिला. मग बाबा, ज्यांचा शब्द सबंध बागेत कधी मागे फिरला नव्हता ते बाबा, माझ्यादेखत म्हणाले, "माझं चुकलं रे. न विचारता बोललो." आणि हजेरीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

"बरं झालं बापू, सांगतलं तं," गडी मला म्हणाला. तो हसला मात्र नाही. मालक वाकला म्हणून कालचा दिवस पुसला जात नाही, हे मला पुढे कळले. पण बाबा वाकले नसते, तर तो चाकू आज मी खिशात बाळगला नसता.

धार लावून लावून पाते आता निम्मे उरले आहे. कमान अजून तशीच टणटणीत.

नातू उत्तराची वाट पाहत होता. मी म्हणालो, "तुझा दणकट आहे बाबा. पण पेटी उघडायची झाली, तर सब्बल माळ्यावर आहे."