वन्समोअर

नव्या नाटकाचे पहिले पाचदहा प्रयोग पाहायला येणारा प्रेक्षक हा मोठ्या सहानुभूतीचा विषय आहे. शंभराव्या प्रयोगाच्या प्रेक्षकाचे काय बिघडते? कुठे हसायचे, कुठे रुमाल काढायचा, कोणत्या पदानंतर शेजाऱ्याकडे पाहून मान डोलवायची, हे त्याच्याआधी नव्व्याण्णव वेळा ठरून गेलेले असते. तो मळलेल्या वाटेने चालतो. पहिल्या प्रयोगांच्या प्रेक्षकाला मात्र वाट स्वतःच पाडावी लागते. टाळी वाजवावी, तर आपण एकटेच वाजवणार की काय ही भीती. न वाजवावी, तर आपल्याला काही कळले नाही असे शेजारच्याला वाटायचे! वर्गात मी प्रश्न विचारला म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलांची जी अवस्था होते, तीच या मंडळींची होते. त्यातून नाटक संगीत असले, त्यावर पैसा पाण्यासारखा ओतलेला असला आणि तिकिटालाही तशीच किंमत मोजावी लागली असली, तर विचारूच नका. "आवडले नाही" असे म्हणायची सोयच उरत नाही.

२०१६ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, असा प्रेक्षक होण्याचा योग मला आला. के. असिफ यांच्या १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम' या चित्रपटावरून फिरोज अब्बास खान यांनी संगीत नाटक बसवले होते आणि नरिमन पॉइंटला एन.सी.पी.ए.च्या जमशेद भाभा नाट्यगृहात त्याचे पहिले प्रयोग चालू होते. नेपथ्याला आणि प्रकाशयोजनेला अमेरिकेतले तज्ज्ञ, कपडेपट मनीष मल्होत्रांचा, नाचायला कथ्थक शिकलेल्या मुलींचा ताफाच्या ताफा. आणि मुख्य म्हणजे गाणी गायची ती रंगभूमीवर उभे राहून, प्रत्यक्ष. अनारकलीचे काम आळीपाळीने करणाऱ्या दोघींपैकी एक आपली पुण्याची प्रियांका बर्वे, म्हणजे मालती पांडे-बर्वे यांची नात. हे ऐकताच आमचे मामा म्हणाले, "मालतीबाईंची नात गाते? मग मला न्यायलाच हवंस तू."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. जन्म माझगावातल्या चाळीत, नोकरी गोदीत फिटरची आणि उरलेला सगळा जीव नाटकात. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी कामे केली, गणेशोत्सवात पडदे ओढले, आणि पाळी संपवून हातावरचे तेल पुरते धुवायच्या आत साहित्य संघाची वाट धरली. १९६४ सालचे 'मत्स्यगंधा' आणि १९६७ च्या डिसेंबरात आलेले 'कट्यार काळजात घुसली' ही दोन्ही नाटके त्यांनी नवी कोरी असताना पाहिली होती. त्या संध्याकाळी ते लग्नातला कोट घालून तयार होते. कानात भेंडीबाजारातून आणलेला अत्तराचा फाया! "गंधर्वांच्या थेटरात अत्तर शिंपडायचे," ते टॅक्सीत मला म्हणाले. "इथं शिंपडतील, न शिंपडतील. आपलं आपण नेलेलं बरं."

पडदा वर गेला आणि डोळे दिपले, यात खोटे काही नाही. जिथे क्षणापूर्वी काळोख होता तिथे झरोके, कमानी, महिरपी उभ्या राहिल्या. क्षणात त्या विरल्या आणि दुसरा महाल उभा राहिला. पण मी नाटक पाहत होतो तितकाच आजूबाजूला पाहत होतो. मास्तरांची ही खोड जात नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ दर प्रवेशाला पत्नीच्या कानात खर्चाचा अंदाज सांगत होते. त्यांच्या पलीकडच्या वृद्ध जोडप्याला सिनेमा तोंडपाठ होता. अकबराने तोंड उघडायच्या आत त्याचे वाक्य ती दोघे कुजबुजत आणि मग नटाने ते बरोबर म्हटले की समाधानाने एकमेकांकडे पाहत. डाव्या हाताला कॉलेजातली एक मुलगी होती. तिने सिनेमाही पाहिलेला नसावा. ती तोंडाचा आ करून नुसती पाहत होती, आणि मला वाटते, त्या सगळ्यांत खरी सुखी तीच होती. टाळ्या पडत होत्या. त्या नाचाला पडत होत्या, कपड्यांना पडत होत्या, महाल बदलला की पडत होत्या. कुठे किती वाजवायच्या याचे गणित अजून कुणाला जमलेले नव्हते, एवढेच.

मध्यंतराच्या थोडे आधी अनारकलीचे एक दुःखाचे गाणे झाले. नाच नाही, ताफा नाही. एकटा आवाज. शेवटचा स्वर तिने असा काही अलगद ठेवला, की सभागृह क्षणभर श्वास घ्यायचे विसरले. मग शिस्तशीर टाळ्या झाल्या. आणि त्या विरत आहेत तोच माझ्या उजव्या हाताला, जन्मभर गोदीतल्या यंत्रांच्या वर चढून बोलायची सवय झालेला मामांचा आवाज उठला:

"वन्समोअर!"

पाचपन्नास माना आमच्याकडे वळल्या. कुणीतरी "शू" केले. खर्चाचा अंदाज सांगणारे गृहस्थ आमच्याकडे, देवळात कुणी चप्पल घालून यावे तसे, पाहू लागले. रंगभूमीवर प्रकाश तर केव्हाच पालटला होता आणि पुढचा प्रवेश उभा राहिला होता. दुसरे काही होणे शक्यही नव्हते. समोर वादक बसलेले नव्हते. साथ आधीच मुद्रित करून ठेवलेली, आणि दिवे व पडद्यावरची चित्रे त्या साथीशी काटेकोर बांधलेली. एक कडवे मागे जायचे म्हटले, तर सबंध मोगल साम्राज्यच मागे न्यावे लागले असते! मामा मात्र आपले काम झाले अशा शांतपणे बसून राहिले.

मध्यंतरात त्या मुलीने धीर करून विचारले, "काका, तुम्ही मघाशी काय मागितलंत?"

"गाणं. पुन्हा."

"असं मागता येतं?"

"येत होतं," मामा म्हणाले.

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "पण त्या खरंच गातात का हो? मला वाटलं, रेकॉर्ड लावलीये आणि नुसते ओठ हलवताहेत."

"म्हणून तर मागितलं, बाळ," मामा म्हणाले. "रेकॉर्डला वन्समोअर द्यायला मी काय वेडा आहे?"

त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. महाभारतातल्या मयसभेत दुर्योधनाची जी फजिती झाली, ती तुम्हांला ठाऊक आहे. त्याने फरसबंदीला पाणी समजून वस्त्र वर उचलले आणि पाण्याला फरसबंदी समजून त्यात पाय टाकला. भपक्याचा हाच मोठा धोका आहे. डोळे एकदा फसले, की माणूस खऱ्यालाही खोटे समजू लागतो. महाल प्रकाशाचा, कमानी प्रकाशाच्या. मग आवाज तरी खरा कशावरून? गाणारी जीव ओतून गात होती, आणि तिच्यापासून वीस हातांवर बसलेली एक सरळ मनाची मुलगी त्या आवाजाला यंत्र समजत होती. यात त्या मुलीचा दोष काय?

मयसभा आपल्या संगीत रंगभूमीनेही उभी केली होती. १९२० साली खाडिलकरांचे 'द्रौपदी' गंधर्व नाटक मंडळीने आणले, तेव्हा त्या देखाव्यावर कंपनीने हात सैल सोडून खर्च केला. खरा जर, खरे गालिचे, खरे अत्तर हा बालगंधर्वांचा बाणाच होता. कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली वाकली तीही याच काळात. ते कर्ज पुढे वर्षानुवर्षे प्रयोग करून फेडले गेले, म्हणजे गालिच्यांनी केलेले देणे गळ्याने फेडले. पण त्या काळच्या प्रेक्षकाला आवाज खरा की खोटा असा प्रश्न कधी पडला नाही. पडला असता, तर त्याच्या हाती उपाय होता. तो वन्समोअर देई. तेच पद दुसऱ्यांदा येई ते निराळे होऊन. तान वेगळ्या वाटेने जाई, एखाद्या शब्दावर मघापेक्षा जास्त थांबणे होई. यंत्राला जे जमत नाही तेच नेमके प्रेक्षक मागत असे.

आणि हे मागणे जिवंत माणसाकडे असे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती. प्रयोग रद्द न करता ते भामिनी होऊन उभे राहिले. वर्गात 'मानापमान' शिकवताना मी हे सांगतो, तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबूज थांबते.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोघांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. प्रयोग बालीवाला थिएटरात होता. माझे आजोळचे आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. कोकणातून येऊन नुकतेच गोदीत लागलेले. तिकिटांचे दर ऐकून त्यांच्यासारख्याने आत जाण्याचा विचारही करणे शक्य नव्हते. ते माझगावाहून चालत ग्रँटरोडला गेले आणि रस्त्यावर उभे राहिले. आतले गाणे काही बाहेर ऐकू येत नव्हते. पण वन्समोअरचा गजर येत होता. तेवढा ऐकून, बोटांवर मोजून, ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी चाळीत त्यांनी नाटकाचे वर्णन केले म्हणे! किती गजर मोजले तो आकडा मामा सांगत, पण तो दर वेळी वाढत असे, म्हणून इथे देत नाही.

वन्समोअरने नाटकांचे नुकसानही केले, हे मी विसरलेलो नाही. शकुंतला सासरी निघावी आणि प्रेक्षकांनी तिला चार वेळा उंबऱ्यावरून मागे बोलवावे, यात कथानकाचे हालच होत. नाटके रात्री सुरू होऊन पहाटे संपत, त्याला हेही एक कारण होते. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले, गाणी कमी झाली, आणि पुष्कळांना हायसे वाटले. तिकडे युरोपातही हेच दुखणे. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टचे 'फिगारो' नवे असताना पहिल्या काही प्रयोगांतच श्रोत्यांनी इतकी गाणी पुन्हा मागितली, की सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला: एकाहून अधिक गळ्यांची गाणी पुन्हा म्हणायची नाहीत. एकट्याचे गाणे पुन्हा मागायला मात्र सम्राटानेही मोकळीक ठेवली. गंमत अशी, की इंग्रज अशा वेळी 'एन्कोर' हा फ्रेंच शब्द ओरडतो, फ्रेंच माणूस 'बिस' हा लॅटिन शब्द ओरडतो आणि आपण इंग्रजी शब्द ओरडतो. हक्क ज्याचा त्याचा. शब्द मात्र प्रत्येकाने शेजाऱ्याचा उसना घेतलेला!

'मुघल-ए-आझम' संपले तेव्हा सारे सभागृह उठून उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. मीही उभा राहिलो. चांगला रिवाज आहे. कष्टांची कदर होते. पण उभे राहणे हे सगळ्यांचे सगळ्यांना असते. राजाला, दासीला, दिव्यांना, कपड्यांना एकच पावती. आणि पुढची रांग उठली की मागच्याला दिसत नाही, म्हणून त्यालाही उठावेच लागते. वन्समोअरचे तसे नाही. तो एकाने उच्चारायचा असतो, एका गाण्यासाठी, आणि उच्चारताना त्याला आपण हसे होऊ याची तयारी ठेवावी लागते. उभे राहायला सोबत लागते. मागायला आवड लागते.

परतताना टॅक्सी डॉकयार्ड रोडच्या स्टेशनाकडे वळली, तेव्हा मामा म्हणाले, "तिनं ऐकलं रे."

"कशावरून, मामा?"

"मान किंचित हलली तिची. तू नाही पाहिलंस?"

मी पाहिले नव्हते. पण मी मागितलेही नव्हते.

मामा २०२१ च्या एप्रिलात गेले. नाट्यगृहे तेव्हा बंद होती; ती उघडली २२ ऑक्टोबरला. तो कोट मामीने अजून ठेवला आहे, आणि अत्तराची ती कुपी माझ्याकडे आली आहे. नाटकाला निघताना मी तिच्यातला फाया कानात घालतो. बायको हसते, मुलगी नाक मुरडते.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीही एखाद्या नव्या संगीत नाटकाला जाल. पहिलेच प्रयोग असतील, तर तुम्ही जे कराल तोच पायंडा पडेल, हे लक्षात असू द्या. देखाव्याला खुशाल टाळ्या वाजवा. त्यामागेही माणसांचे हात असतात. पण एखादे गाणे मनापासून भिडले, तर शेजाऱ्याकडे न पाहता मागा. बहुधा मिळणार नाही. दिवे पालटतील, साथ पुढे जाईल, कुणीतरी "शू" करील. गाणाऱ्याला मात्र एवढे कळेल, की समोरच्या काळोखात कुणीतरी आपला आवाज आपलाच म्हणून ऐकला.