सिद्धेश्वरच्या पाण्यावरचं ऊन

औंढा नागनाथचं देऊळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. पण दर्शन झाल्यावर त्याच तालुक्यातलं सिद्धेश्वर धरण पाहायला किती जण जातात? पुढच्या वेळी वाट थोडी वाकडी करा. आणि जमलं तर उजाडायच्या आत पोचा, बरं का!

या पूर्णा नदीवरच, थोडं वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यात येलदरीचं धरण आहे. तिथलं पाणी खाली येताना वीज तयार करतं. वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॉट. तेच पाणी पुढे सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं. म्हणजे वीज देऊन आलेलं पाणी! पण मराठवाड्यातल्या अशा जलाशयांवर लहान होड्या चालतात त्या बहुतेक हातातल्या वल्ह्यांवर. काही ठिकाणी तर होडीही नसते, थर्माकोलचा तराफा नाहीतर ट्रकची फुगवलेली ट्यूब असते. अंधारात, समोरून वारा आला की त्यावर काय हाल होत असतील?

मग होडीला विजेची मोटर लावली तर? कल्पना नवी नाही. १८३८ साली रशियात याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने नेव्हा नदीवर विजेची होडी चालवून दाखवली होती. आपल्याकडे केरळात वैक्कमजवळ २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ माणसांची बोट उन्हावर चालू लागली. तिला भलंमोठं छप्पर आहे, त्यावर सौर तावदानं मावतात. लहान होडीवर छप्पर कुठून आणायचं?

इथेच खरी गंमत आहे. धरणातले कटला, रोहू, मृगळ पकडायला मासेमार संध्याकाळी जाळं सोडतात आणि पहाटे ओढतात. मासा जाळ्यात घुसू पाहतो, त्याचे कल्ले अडकतात. दिवसभर होडी काठाला रिकामीच! म्हणून तावदान होडीवर नकोच, काठावरच्या झोपडीवर लावा. एक चौरस मीटरचं तावदान कडक उन्हात साधारण २०० वॉट देतं. अशा पाच तासांत झाली एक युनिट वीज. तेवढ्यात अर्ध्या किलोवॉटची मोटर दोन तास चालते. आणि आपला माणूस? बराच वेळ वल्हवत राहिला तर फार तर ७५ वॉटची ताकद लावतो.

अर्थात होडी पळणार नाही, आपण चालतो तेवढीच जाईल. वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट नाही, जवळजवळ आठपट लागते! पाणी फार हट्टी असतं. पण जाळं ओढायला पळायचं कशाला?

अडचण आहे ती बॅटरीची. साधी शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी केली की लवकर खराब होते, म्हणून एका युनिटासाठी दोन घ्याव्या लागतात. वजन साठ किलोच्या आसपास. म्हणजे होडीत एक माणूस फुकटचा बसला! लिथियमची दहा-बारा किलोंत भागते, पण ती महाग.

आणि बाबांना विचारा, पैसे वाचतात का? समुद्रावरच्या डिझेलच्या बोटीत वाचतात. इथे वल्ह्याला मुळात खर्चच नाही, मग वाचणार काय? वाचतील ते खांदे आणि वेळ. मला तर तेही पुष्कळ वाटतं. पण खांदे वाचले म्हणून बॅटरीचे पैसे कुणी देत नाही. एकट्या मासेमाराला ते परवडणं कठीण. त्यांच्या सहकारी संस्थेने चार-पाच होड्यांसाठी मिळून घेतली, तर कदाचित जमेल.

तर सिद्धेश्वरला गेलात की पहाटेची होडी पाहून लगेच निघू नका. डबा तिथेच खा. दुपारी बारा वाजता तीच होडी काठाला बांधलेली दिसेल, आणि तिच्या फळीला हात लावलात तर चटका बसेल.