आधी रोप, मग मशीहा

मंडळी, जगबुडी हा हॉस्टेलचा लाडका विषय! सबमिशनच्या आदल्या रात्री "उद्या जगच संपलं तर किती बरं" म्हणणारा प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतोच. पण त्याची इच्छा कधी पुरी झालेली नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीने जग बुडणार म्हणून लोकांनी यज्ञ केले. मग वायटूके आलं. २००८ मध्ये जिनिव्हाजवळचा कोलायडर पृथ्वी गिळणार होता, तर २१ डिसेंबर २०१२ ला माया लोकांचं कॅलेंडर आपल्याला संपवणार होतं. जग राहिलं, आणि सबमिशनही राहिलं!

या शेवटाकडे निराळ्या नजरेने बघणारा एक समाज आपल्याच मातीत आहे. मी अलिबागकडचा, त्यामुळे बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू मला लहानपणापासून माहीत. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी अस्सल कोकणी आडनावं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आणि आपल्या पार्ल्याचंही त्यांच्याशी नातं आहे बरं का! इंग्रजीत लिहिणारे मोठे कवी निस्सिम इझिकेल याच समाजातले. १९६१ ते १९७२ ते इथल्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख होते.

ज्यू परंपरेत जगाचा शेवट म्हणजे प्रलय नव्हे. मशीहा येईल, युद्धं थांबतील, अन्याय संपेल, अशी ती कल्पना. तालमुद या ग्रंथात जग सहा हजार वर्षं चालेल असं एक मत आहे. त्यांच्या पंचांगात ते वर्ष आपल्या २२३९ साली लागेल. म्हणजे एटीकेटी सोडवायला भरपूर वेळ आहे! पण गंमत म्हणजे त्याच ग्रंथात शेवटाची तारीख काढत बसणाऱ्यांना शाप दिलाय. कारण साधं आहे : तारीख टळली की लोकांची आशाच सुटते. १६६६ मध्ये तसं घडलंही. शब्बताई झ्वी नावाच्या माणसाला हजारोंनी मशीहा मानलं, आणि सुलतानापुढे त्याने धर्मच बदलला. किती घरं मनातून उद्ध्वस्त झाली असतील! बाराव्या शतकातला मैमोनिडीस तर म्हणून गेला होता की मशीहा आल्यावरही सृष्टीचे नियम तेच राहतील. हे वाक्य आपल्या फिजिक्सच्या सरांना नक्की आवडेल.

मशीहाच्या आधी वर्दी द्यायला एलियाहू हन्नाबी हा प्रेषित येणार, अशी श्रद्धा आहे. तो मेला नाही, वावटळीतून स्वर्गात गेला. आमच्याकडे अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. लग्न, नवस, नवं घर, काहीही असो, बेने इस्रायल घरात त्याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वर फळं. शेजारच्या आजींना मी एकदा विचारलं होतं, "आजी, एलियाहू खरंच येणार?" त्या म्हणाल्या, "येईल तेव्हा येईल रे बाबा. तू आधी मलिदा घे, मला ताट उचलायचंय."

पुढे कळलं, की आजींचं उत्तर फार जुनं आहे. योहानान बेन झक्काई या पहिल्या शतकातल्या गुरूची शिकवण अशी : हातात रोप असताना कुणी सांगितलं की मशीहा आला, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा.

पण जग संपण्याचा आणखी एक प्रकार असतो, आणि तो मी पाहिलाय. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले. जुन्या रिवाजाप्रमाणे सिनेगॉगमध्ये पूर्ण प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. अलिबागच्या इस्रायल आळीत आता ते दहा जमवायला फोनाफोनी करावी लागते. कुणी पेणहून येतो, कुणी मुंबईहून. एक आला नाही तर नऊ जण ताटकळत बसतात. तिथे आकाश फाटत नाही, समुद्र चढत नाही. नुसता दहावा माणूस येत नाही.

इयर डाऊन झालेल्या मुलालाही जग संपल्यासारखंच वाटतं. तो मेसला येणं बंद करतो, लाइट बंद करून पडून राहतो. आणि आपण समजतो, झोपला असेल. मित्रांनो, शेवटाची तारीख काढणं आपलं काम नाही, माणसं मोजणं मात्र आहे. टेबलावर एक जण कमी दिसला, तर सबमिशन बाजूला ठेवा, वर जा आणि त्याचं दार वाजवा.