ताळा जुळला का?

नववीत असताना मी धाकट्या भावावर विनाकारण ओरडलो होतो. त्याचं असं झालं –

विज्ञान प्रदर्शनासाठी मी टाकी भरली की वाजणारी घंटा बनवत होतो. तिचा मेंदू म्हणजे करंगळीएवढी चिप, एटीमेगा ३२८पी. तिच्या फ्लॅश स्मृतीत ३२ किलोबाइट मजकूर मावतो आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. कॉम्प्युटरवरून मी तिच्यात प्रोग्रॅम भरला. पण टाकी भरून वाहू लागली तरी घंटा गप्पच!

"तूच हात लावला असशील!" मी भावावर खेकसलो. तो रडवेला झाला.

रात्री मी फाईल उघडली. तिच्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी ताळ्याचा आकडा असतो. त्याला म्हणतात चेकसम. समजा, १२, ७ आणि ३० हे आकडे पाठवायचे आहेत. सोबत त्यांची बेरीज ४९ पाठवायची. वाटेत ७ चे ८ झाले, तर बेरीज ५० येते आणि चोरी पकडली जाते! खरी रीत थोडी वेगळी, पण तत्त्व हेच.

फाईलचा ताळा जुळला. पण चिपमध्ये तेच उतरलं होतं का? ते परत वाचून फाईलशी ताडून पाहायचं असतं. वेळ वाचवायला ती तपासणी मीच बंद ठेवली होती! ती सुरू करताच चूक सापडली. एक वायर सैल होती. ती घट्ट बसवून प्रोग्रॅम पुन्हा भरला आणि घंटा खणखणली.

भाऊ झोपला होता. सकाळी उठल्याबरोबर मी त्याची माफी मागितली. घंटा पहिल्यांदा त्यालाच वाजवू दिली.

तुम्हीही दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी आपला ताळा करून पाहा, बरं का!