दोन तरफा

आमच्यासारख्या पुस्तकी माणसांचा यंत्रांशीं संबंध बहुधा दुरूनच येतो. यंत्र चालतें आहे तोंवर आम्ही त्याचे धनी. तें थांबलें कीं आम्ही केवळ त्याच्या शेजारीं उभे राहिलेले गृहस्थ. गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. इतक्या काळांत खडू, लेखणी आणि चहाचा पेला यांहून जड हत्यार माझ्या हातीं क्वचितच आलें असेल. म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं मुलीच्या मोटारसायकलीचे दोन्ही लिव्हर घरींच बदलण्याचा बेत मीं जाहीर केला, तेव्हां मंडळींना त्यांत उद्योगापेक्षां उपद्रवाचीच शक्यता अधिक दिसली.

झालें होतें असें. भाद्रपदांतल्या पावसानें अंगणांतली माती भुसभुशीत झाली होती. गाडीचा तिरपा स्टँड रात्रींतून तींत रुतला आणि गाडी डाव्या अंगावर निजली. क्लचचा लिव्हर वांकला. सकाळीं दोन शेजारी मदतीस धांवले. त्यांच्या उचलण्यांत उत्साह इतका होता कीं, गाडी उभी न राहतां थेट उजवीकडे जाऊन पडली आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचें टोक मोडलें. उपकारकर्त्यांना काय बोलावें? आम्हीं त्यांना चहा पाजला. नेहमींचा मिस्त्री गणपतीसाठीं कोंकणांत गेलेला. कन्या सासवडच्या एका शाळेंत शिकविते. सकाळीं दिवे घाट चढावयाचा आणि सायंकाळीं, बहुधा पावसांत, तोच उतरावयाचा. मी जें कांहीं बसविणार होतों त्याच्या भरंवशावर ती तो घाट उतरणार होती.

वांकलेला लिव्हर पकडीनें सरळ करावा, असा सल्ला शेजाऱ्यांपैकीं एकानें दिला. हा मोह आवरलाच पाहिजे. लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो सरळ झालासा दिसला तरी आंत बारीक तडा गेलेला असूं शकतो. आणि असा लिव्हर मोडतो तो जोरानें ओढल्यावर, म्हणजे ज्या क्षणीं त्याची सर्वांत अधिक गरज असते त्या क्षणीं. त्याच्या टोकाला असणारा वाटोळा गोळाही शोभेचा नसतो. पडतांना तें टोक कोणाच्या अंगांत घुसूं नये म्हणून ती योजना आहे. मोडलेल्या टोकाला ती दया राहत नाहीं.

तेव्हां नाना पेठेंत जाऊन नवी जोडी आणली आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडली. जन्मभर टीकाग्रंथ वाचलेल्या माणसाला तें गद्य मोठें हितकर वाटलें. त्यांत विशेषणें जवळजवळ नाहींत आणि ‘कदाचित्’ हा शब्द तर कोठेंच नाहीं.

क्लचचें काम आधीं घेतलें. लिव्हरपाशीं एक पेचाची नळी आणि तिला आवळून धरणारी चकती असते. तीं दोन्ही फिरवून क्लचवायर ढिली करावयाची. नळी, चकती आणि लिव्हरचें घर यांतील फटी एका रेषेंत आणल्या कीं वायर बाजूनें अलगद निघते. मग दहाच्या पान्यानें खालचा नट, त्यानंतर वरचा बोल्ट. वायरीच्या टोकाशीं असलेली धातूची गोळी नव्या लिव्हरच्या खोबणींत बसवावयाची, सांध्याला ग्रीसचें बोट लावावयाचें आणि उलट क्रमानें परत यावयाचें. येथें एक खुबी आहे. बोल्ट करकचून आवळला तर लिव्हर जखडतो आणि सोडल्यावर मागें येत नाहीं. म्हणून तो बेतानें बसवून, स्क्रूड्रायव्हरनें तसाच धरून, जोर द्यावयाचा तो खालच्या नटाला.

ब्रेकची गोष्ट निराळी. तेथें वायर नाहीं, तेल आहे. लिव्हरचें आंतलें टोक एका लहान दट्ट्याला ढकलतें. तेलांतला दाब नळीवाटे चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्याला पोंचतो, आणि चार बोटांचा जोर अनेक पटींनीं वाढून चाकाच्या चकतीला चिमटींत धरतो. बंदिस्त द्रवांतला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा यामागचा नियम पास्कलचा. त्याचा द्रवांवरील निबंध १६६३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मला ठाऊक असलेला पास्कल दुसराच होता: ईश्वराच्या अस्तित्वावर पैज लावा, हरलांत तरी विशेष कांहीं जात नाहीं, असें सांगणारा. तो मीं वर्गांत मोठ्या खुशींत शिकविला आहे. अंगणांत उकिडवा बसून ब्रेकचा नट आवळतांना मात्र ही पैज कांहीं उपयोगाची वाटेना. कवितेचा अर्थ आम्ही दोन प्रकारें लावतों आणि दोन्ही प्रकारांना गुण देतों; नट आवळलेला असतो किंवा नसतो.

सर्वांत अधिक वेळ गेला तो मात्र कांहींही न आवळण्यांत. लिव्हर ओढूं लागल्यावर प्रथम थोडें अंतर तो नुसताच यावा लागतो. मिस्त्रीलोक यास ‘प्ले’ म्हणतात. आमच्या पुस्तिकेंत क्लचच्या टोकाशीं हें अंतर दहा ते वीस मिलिमीटर दिलें आहे. तें मुळींच न ठेवल्यास क्लच पुरता मिटत नाहीं, आंतल्या चकत्या घसरून तापतात, झिजतात, जळकट वास येतो. फार ठेवल्यास क्लच पुरता सुटत नाहीं आणि गिअर खरखरतात. मी शाळकरी पट्टी घेऊन तें अंतर पुनःपुन्हां मोजीत होतों. रिकाम्या जागेला एवढें महत्त्व असतें, हें कवितेच्या संदर्भांत मीं अनेकदां सांगितलें होतें. पट्टीनें मोजलें नव्हतें.

मग परीक्षा. हँडल दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून वायर कोठें ताणत नाहीं ना तें पाहिलें. मधल्या स्टँडवर गिअर टाकून, क्लच ओढून सोडून पाहिला. ब्रेकच्या लिव्हरखालीं एक इवलें बटण असतें. लिव्हर ओढला कीं मागचा तांबडा दिवा लागतो. सौभाग्यवती मागें उभ्या राहून ‘लागला’, ‘विझला’ असें सांगत होत्या. एखाद्या आरतीचें पालुपद असावें तसें. शेवटीं गाडी हातानें ढकलून ब्रेक दाबला. ती जागच्या जागीं थबकली. तरीही गल्लींतून दोन फेऱ्या मी स्वतः मारल्या आणि उतरल्यावर पुन्हां दोन्ही नटांना पाना लावून पाहिला.

एक काम मीं मुद्दाम राखून ठेवलें होतें. लिव्हरचा कल कसा असावा, हें गाडी सांगत नाहीं, हात सांगतो. बसल्यावर बोटें, मनगट आणि कोपर यांची एक रेघ यावी लागते. कन्येला हांक मारली. ती उत्तरपत्रिका तशाच टाकून आली, गाडीवर बसली. तिचे हात माझ्याहून आखूड. मीं पकडीचे बोल्ट किंचित् ढिले केले आणि विचारलें, “असा?”

“जरा खालीं, बाबा. आणखी थोडा... हां, बस्स.”

मीं बोल्ट आवळले. तिनें दोन बोटांनीं ब्रेक ओढला, सोडला, पुन्हां ओढला. आणि उद्यां सकाळीं लौकर निघायचें आहे म्हणून डबा आठांऐवजीं सातांना हवा, असें आईला सांगत आंत गेली.