चातुर्मासातली उभी गाडी

मुक्तागिरीला जायची आमची व्हॅन चातुर्मासभर शेडमध्येच उभी असते. उंदराला काय, पेन्सिलीएवढी, ६ मिलिमीटरची फटही पुरते. म्हणून गाद्या घरात आणल्या, खाण्याचा कण आत ठेवला नाही, फटींत तारेची घासणी कोंबली. कापूस तो कुरतडतो.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, विषाची वडी टाका." विष नकोच. चिकट पुठ्ठा तर त्याहून वाईट, जीव त्यावर तासन् तास तडफडतो.

एक फट मात्र मुद्दाम उघडी ठेवली आहे. सीटखाली पिल्लं निघाली! फट बुजवली तर आई बाहेर आणि पिल्लं आत उपाशी, ती हिंसाच. दूध सोडायला त्यांना साधारण तीन आठवडे लागतात. तोवर सीटचा फोम गेला तर जाऊ दे. वायरिंग तेवढं रोज बॉनेट उघडून बघते.