कोयना हलली: तेव्हा आणि आता

पाटण, कऱ्हाड, शिराळा या पट्ट्यात वाढलेल्या आमच्या पिढीला भूकंप पुस्तकातून शिकावा लागला नाही. मांडणीवरची पितळी भांडी खणखणली की म्हातारी माणसं कूस बदलून म्हणायची, "झोप रं, कोयना हाय." 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपाची पहाट ज्यांनी सोसली, त्यांना बारीकसारीक हादऱ्यांचं काय! सकाळी पारावर आडाखे चालत. कुणी म्हणे हादरा कोयना धरणाखालून आला, कुणी म्हणे डोंगराकडून.

हादरा कुठून आला ते काढायला खडकातला लहरींचा वेग ठाऊक हवा, आणि तिथं शास्त्रज्ञांचीही तेव्हा ओढाताणच होती. सत्तरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं गुहागरपासून कऱ्हाडवरून थेट सांगली जिल्ह्यातल्या चोरोचीपर्यंत रेघ आखली. सुरुंग उडवायचे आणि रेघेवर मांडलेल्या जिओफोननी जमिनीतून आलेल्या लहरी टिपायच्या. लहर खाली जाऊन परतायला किती वेळ लागला ते कळे, पण खडकातला तिचा वेग? एका सेकंदात परतलेल्या लहरीचा वेग सेकंदाला 5 किलोमीटर धरला, तर खडक अडीच किलोमीटर खोल. साडेचार धरला, की तोच खडक अडीचशे मीटर वर सरकतो! त्यात आपला काळा पाषाण एकजिनसी नाही. कुठं घट्ट, कुठं सच्छिद्र, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. प्रत्येकात लहरीची चाल निराळी.

म्हणून वेग धरायचा, त्यावरून लहर कधी पोचेल ते काढायचं, नोंदीशी ताळा पाहायचा. जमला नाही की वेग बदलून पुन्हा. रीत आजही तीच, फक्त संगणक हा ताळा हजारो वेळा घेतो. त्या जुन्या नोंदीही पुढच्या संशोधकांनी पुन्हा तपासल्या.

शिवाय आता खात्री करायला प्रत्यक्ष खडक आहे. कऱ्हाडजवळ हजारमाचीत विंधनविवरांच्या अभ्यासाची खास प्रयोगशाळा उभी राहिली. कोयना परिसरातल्या रासाटीच्या विंधनविवरात काळा पाषाण सुमारे 930 मीटरवर संपला. त्याच परिसरातल्या गोठण्यात 2016-17 साली 3 किलोमीटर खोल विवर घेतलं, तिथं तो सव्वा किलोमीटरच्या आसपास संपून खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. पारावरच्या आडाख्यांची मजा गेली खरी, पण हादरा नेमका कुठून आला ते आता कितीतरी नेमकं सांगता येतं.

कधी येणार, ते मात्र अजून कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा या पट्ट्यात नवं घर बांधणाऱ्यांनो, फरशीच्या रंगाआधी इंजिनिअरला भूकंपरोधक बांधणीचं विचारा.